चालू हाय न्हवं?

आमचा मिक्सर थांबला की परशराम अण्णा दारात हजर. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि चेहरा असा, की कुठंतरी आग लागल्याची बातमी घेऊन आलेत. "का थांबलं गं?" मी म्हणते, चटणी झाली अण्णा. ते भांड्यात वाकून बघतात, चटणी खरंच झालीय याची खात्री करून घेतात आणि घरी जातात. वॉशिंग मशीन थांबलं की पुन्हा येतात.

वडगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. अण्णांचा सगळा जन्म पॉवरलूमवर गेला. पुढच्या सोप्यात दोन माग, मागं स्वयंपाकघर, आणि उरलेल्या जागेत संसार. मागाचा खडखडाट ही आमच्या गल्लीची शांतताच म्हणायची. करंट गेला की पाळण्यातली पोरं दचकून उठतात. माग चालू म्हणजे सगळं ठीक, थांबला म्हणजे कुठंतरी सूत तुटलं. म्हणून अण्णा कुणाला बरं आहे का असं विचारतच नाहीत. "चालू हाय न्हवं?" असं विचारतात. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी भरल्या वॉर्डात हेच विचारलं होतं, तेही ओरडून. मागावर जन्म काढलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, आणि सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं त्याला वाटतं. मग आमचा मिक्सर त्यांना कसा कळतो? ते दिवसभर आमच्या भिंतीला पाठ लावून बसतात. कानापेक्षा त्यांना पाठीनं जास्त ऐकू येतं.

त्यांची बायको तानाक्का मागापाशीच गेली. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. पुढं अण्णांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी दोन्ही माग विकले. घर गप्प झालं आणि अण्णांची झोप उडाली. रेडिओ चालू, टीव्ही चालू, भर थंडीत पंखा चालू. करंट गेला की ते गल्लीत येऊन उभे राहायचे आणि जो दिसेल त्याचा हात धरायचे. त्यांचा हात गार पडलेला असायचा. आधी मला हसू यायचं. पुढं पुढं त्यांच्या डोळ्यांकडं बघायची भीती वाटायला लागली. हुबळीहून त्यांची मुलगी आली, तिनं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जन्मभर आवाजात राहिलेत, जरा शांत जागी घेऊन जा.

आता डॉक्टरांनी सांगितल्यावर आपण डोकं कशाला चालवायचं? आमच्या ह्यांनी लगेच जागा ठरवली. चिकोडीच्या बाजूला आत वळलं की वनखात्यानं राखलेलं एक तळं आहे. थंडीत तिथं लांबलांबून बदकं येतात, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस येतात. त्यांची रांग आमच्या गल्लीवरूनच जाते असं तानाक्काचं ठाम मत होतं. हाताला चिकटलेला कापूस तसाच ठेवून ती दारात यायची, वर बघायची आणि म्हणायची, एकदा ते तळं बघायचं. अण्णा म्हणायचे, माग थांबवून कसं जायचं? दर हिवाळ्याला हे बोलणं व्हायचं आणि तिथंच संपायचं.

अण्णा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण तळ्याचं नाव काढल्यावर ते धुतलेलं धोतर नेसून आमच्या आधी गाडीत बसले. "तिला बघायचं हुतं," एवढंच म्हणाले. इंजिन चालू होतं तोवर मजेत होते. रेल्वेच्या फाटकाशी ह्यांनी गाडी बंद केली, तर मागून लगेच, "का थांबलं रं?"

तळ्याच्या दारात मगरीचं चित्र असलेली पाटी होती. मी खाटेवरून पाय खाली सोडतानासुद्धा एकदा वाकून बघणारी बाई. पाटीवर कानडीत 'मोसळे' वाचलं आणि मी म्हटलं, मी गाडीतच बसते. पण अण्णांनी माझा हात धरला होता. ते बोटीत चढले, म्हणून मलाही चढावं लागलं.

बोटीला मोटर होती. ती खडखडत निघाली तसे अण्णा खुलले. मी मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक लाकडाकडं संशयानं बघत होते. त्यातल्या एका लाकडानं डोळे मिटले. मी ह्यांना सांगितलं, हे म्हणाले भास आहे. बोट बरीच आत आल्यावर नावाड्यानं मोटर बंद केली. पाखरं बुजतात म्हणाला. "सुम्मन कूड्री," म्हणजे गप्प बसा.

आम्ही गप्प बसलो. समोर पाणी दिसू नये इतकी बदकं होती. त्यांची बारीक कुजबुज सारखी चालू होती. ती मला ऐकू येत होती, ह्यांना येत होती. अण्णांना येत नव्हती. तिथं पाठ टेकायला भिंतही नव्हती. त्यांच्या लेखी सगळं जगच बंद पडलं होतं, आणि हे माझ्या ध्यानात येईपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"का थांबलं?" त्यांनी नावाड्याला विचारलं, मग ह्यांना, मग मला. आम्ही खुणेनं सांगितलं, बसा. ते उठून उभे राहिले. बोट एका अंगाला कलली आणि पाणी आत आलं. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. ते एकच ओरडत होते, "चालू कर रं, चालू कर." नावाडी मोटरची दोरी ओढत होता आणि मोटर सुरू होत नव्हती. हा माणूस आता उडी टाकणार आणि त्याच्याबरोबर मीही जाणार, याबद्दल मला शंका उरली नाही. मगरीला आयतंच मिळणार होतं.

बुजायची ती पाखरं शेवटी बुजलीच. अण्णांच्या ओरडण्यानं सगळा थवा एकदम उठला. करंट परत आल्यावर अख्ख्या वडगावचे माग एकदम सुरू होतात, तसा आवाज झाला. आम्ही कानांवर हात ठेवले. अण्णांनी मान वर केली. पंखांचा खडखडाट डोक्यावरून जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"करंट आला," ते हळू म्हणाले आणि खाली बसले.

मोटर एकदाची सुरू झाली. काठावर आल्यावर नावाडी आम्हाला बरंच बोलला आणि ते रास्तच होतं. अण्णांना झाडाखाली बसवून मी थर्मासमधला चहा दिला. त्यांनी कप हातात धरला, पण प्याले नाहीत.

"त्या दिशी मी कट्ट्यावर बसलतो," ते म्हणाले. त्यांचा इतका खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आतले माग थांबले. मला वाटलं करंट गेला. बरं झालं म्हटलं, घटकाभर कानाला इसावा. हाटेलातनं चहा मागिवला, गुमान पिलो. शेजारचे माग चालू हुते गं. करंट गेलाच नव्हता. तिनं माग बंद केलते आणि खाली बसली, ती बसलीच. आणि मी भाईर, थांबलं म्हणून खुशीत."

ते तळ्याकडं बघत राहिले.

"आता माझं थांबलं तर कुणाला कळंल?" ते म्हणाले. "माझा तर आवाजच न्हाय."

त्या दिवसापासून मिक्सर बंद करायच्या आधी मी भिंतीवर दोनदा लाटणं आपटते. पलीकडून अण्णा दोनदा मूठ आपटतात. मग मी बटण बंद करते. मगरीची भीती मी तळ्यावर टाकून आले, पण त्यांची भीती घरी घेऊन आले. काम करता करता माझा एक कान भिंतीपलीकडच्या रेडिओवर असतो.

परवा दुपारी मी भाकरी थापत होते. तो रेडिओ मधेच थांबला. मी लाटणं आपटलं. उत्तर आलं नाही. मी पिठाच्या हातांनी, अनवाणी पळत सुटले. अण्णा अंगणात खाटेवर बसून रेडिओचे सेल उन्हात मांडत होते.

"का थांबलं अण्णा?" मी इतक्या मोठ्यानं विचारलं की समोरची खिडकी उघडली.

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग पायांकडं. त्यांचे डोळे भरून आले. खाटेवर सरकून त्यांनी जागा केली.

"चालू हाय गं," ते म्हणाले. "बस घटकाभर."

आमच्या घरातून भाकरी करपल्याचा वास यायला लागला होता. मी बसले.