चादरीखालचा नागप्पा

नागप्पाला उजेड बंद होऊन सव्वीस दिवस झाले होते. नेकनूरच्या घरातली मधली खोली, खिडकीला पोत्यांचे दोन थर आणि आत किराणा दुकानदार नागप्पा. त्याच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी शिरेतून एक औषध दिलं, मग नळी घालून गाठीवर लाल उजेड पाडला. उजेड पडला की हे औषध जागं होतं आणि गाठीच्या पेशी मारतं. पण ते गाठीपुरतं थांबत नाही. महिनाभर कातडीतही राहतं, आणि ऊन लागलं की कातडी भाजते.

उपचाराचा दुसरा भाग बाकी होता. नागप्पाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतल्या होत्या. त्यांना गाठीची ओळख करून द्यायची, प्रयोगशाळेत वाढवायचं आणि परत टोचायचं.

"म्हंजे माजं रक्त साळंत गेलंय," नागप्पा म्हणाला होता. गाठीने त्याचा आवाज नेला होता, उरली होती कुजबुज. "मी चौथीत नापास झालो. ते तरी पास व्हावं."

गुरुवारी सकाळी आठला एसटीडी बूथवर निरोप आला. पेशी तयार आहेत, आज रात्री दहाच्या आत या. जिवंत पेशी थांबत नाहीत; उशीर झाला तर टाकून द्याव्या लागतील. पुन्हा काढण्याइतकं रक्त नागप्पात उरलेलं नव्हतं. रस्ता बारा तासांचा, म्हणजे ऊन उतरायची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

गावातल्या तन्वीरची जीप ठरली. काचांना कागद चिकटवले. पण जीप बोळात शिरत नव्हती. घरापासून तीनशे पावलं, वैशाखाचं ऊन, आणि नागप्पाला दहा पावलंही चालवत नव्हतं. मुलगी रोहिणी बी.एस्सी. झालेली, डॉक्टरांनी दिलेला नियमांचा कागद तिच्या ताब्यात होता. तिने ठरवलं, अप्पांना खुर्चीत बसवायचं, डोक्यापासून पायापर्यंत झाकायचं आणि चौघांनी उचलायचं. तिने काळी घोंगडी काढली.

"चांगल्या कामाला काळं काहून?" आई नीलाबाई म्हणाली, आणि ट्रंकेतली पांढरी जाड चादर घेऊन आली.

रोहिणीने चादरीची चार पदरी घडी केली, खालून बॅटरी लावून बघितली. उजेड आरपार येत नव्हता. चादर मंजूर झाली. नीलाबाईने नवऱ्याच्या कपाळाला विभूती लावली, चादर नीट ओढली आणि वरून कपिलधारच्या देवळातून आणलेला हार घातला.

एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात.

नागप्पाचा चुलतभाऊ सिद्धाराम आणि तीन हमालांनी खुर्ची खांद्यावर घेतली. नीलाबाई दारातच थांबली. बोळाच्या तोंडाशी पहिलं शटर खाली आलं. मग दुसरं. देवळातून टाळ निघाले.

"सव्वीस दिस दार बंद व्हतं. तवाच वळखलं म्या."

"लई भला माणूस."

खांदा द्यायला प्रत्येकजण पुढे येत होता. नाही म्हणायची रीत नाही. चौकात येईपर्यंत सिद्धाराम कुठल्या कुठे मागे ढकलला गेला आणि नव्या खांदेकऱ्यांनी खुर्ची उजवीकडे जीपकडे न नेता डावीकडे, समाधीच्या जागेकडे वळवली.

रोहिणी आडवी आली. "काका, अप्पा जिवंत हायत."

"व्हय गं लेकरा," आसाराम म्हणाला, "अशी माणसं जिवंतच राहत्यात." आसारामचं दुकान नागप्पाच्या समोर. अकरा वर्षं दोघांत अबोला होता.

"न्हाई, श्वास चालू हाय. चादर काढून दाखवता येत न्हाई. ऊन हाय."

"पोरीनं धसका घेतला," कुणीतरी म्हणालं. "पाणी पाजा तिला." दोन बायांनी तिला धरून सावलीत बसवलं. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

चादरीखाली नागप्पा ओरडत होता. त्याचं ओरडणं चादरीपर्यंत पोचत होतं.

आता पुढच्या खांद्याला आसाराम आला. त्याला रडू आवरेना. "अकरा वर्सं बोललो न्हाई बे तुज्याशी. तुज्या दुकानाची पाटी मीच फोडलती."

चादरीतून हात बाहेर आला आणि आसारामचं मनगट धरलं.

"म्हाईत हाय," नागप्पा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. "आता जीपकडं फिरव."

खुर्ची धाडकन खाली आली. चौकात टाळ आणि चपला राहिल्या, माणसं राहिली नाहीत. आसाराम राहिला, कारण त्याचं मनगट सुटत नव्हतं.

रोहिणी धावत आली. "अप्पा, हात आत घ्या."

"सोडला तर ह्यो पळंल."

तिने दोघांच्या हातांवर ओढणी टाकली आणि कागदावर लिहिलं: उजवा हात, ऊन, दोन मिनिटं चाळीस सेकंद.

तन्वीर, सिद्धाराम, रोहिणी आणि एका हाताने आसाराम, अशी खुर्ची जीपपर्यंत गेली. मनगट बीड मागे पडल्यावर सुटलं. आसाराम अनवाणीच मुंबईला गेला.

रात्री पावणेदहाला पोचले. हाताला फोड आले होते. डॉक्टरांनी रोहिणीचा कागद मागून घेतला. पेशी वेळेत टोचल्या. गाठ आकसली. गेली नाही. नागप्पाला चौदा महिने मिळाले, आणि त्यातले बरेचसे त्याने आसारामशी पाटीवरून भांडण्यात घालवले.

मग नागप्पा खरंच गेला. त्याला बसवलं, विभूती लावली, हार घातला. एकही शटर खाली आलं नाही. लोक लांबूनच बघत राहिले.

आसाराम आला. चपला काढून शेजारी बसला आणि आपलं मनगट चादरीजवळ धरून थांबला. रोहिणीने सवयीने घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं झाली. सोळा.

मग तो उठला, समोर गेला आणि आपल्या दुकानाचं शटर खाली ओढलं.