सदोबा भेकराची गिटार आणि समान न्याय

एका जंगलात, म्हणजे आपल्याकडे नव्हे बरं का बाळांनो, खूप लांबच्या जंगलात, सदोबा नावाचं एक भेकर राहत होतं.

भेकर म्हणजे लहानसं हरीण. दिसायला गोड, पण आवाज कुत्र्यासारखा. भेकर भुंकलं की वाघ आला समजायचं, हे त्या जंगलात पिल्लांना डोळे उघडायच्या आत शिकवत. त्यामुळे सदोबाने नुसतं "काय मंडळी, जेवलात का?" असं विचारलं, तरी अर्धं जंगल ओढ्यापलीकडे पळायचं.

लग्नकार्याला त्याला बोलवत नसत. बारशाला बोलवत, पण तोंड न उघडण्याच्या अटीवर.

सदोबाची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, आपण काहीतरी म्हणावं आणि ते कुणीतरी शेवटपर्यंत बसून ऐकावं.

तोंडाने जमत नाही तर तारांनी म्हणू, असं ठरवून त्याने घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली.

खुरांनी गिटार कशी वाजते, असं विचारू नका. जंगलात वीज कुठून आली, हेही विचारू नका. विजेच्या खांबाचं उद्घाटन महाराजांनी तीनदा केलेलं आहे. तेवढं आपल्याला पुरे.

वाऱ्याने पडलेल्या सागाची फळी त्याने दोन उन्हाळे वाळवली. शिसवीची मान घडवली. खुंट्या बसवल्या, तारा ताणल्या. वैशाखात पाणवठ्यावर जत्रा भरायची. तिथे वाजवायला महाराजांच्या कचेरीतून परवानगीही आली. खाली एकच टीप होती: 'कलाकाराने भुंकू नये.'

आता उरला होता पिकअप.

पिकअप म्हणजे गिटारचा कान. एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की हा कान ते ऐकतो आणि भोंग्याला जाऊन सांगतो.

"मला आपला एक पिकअप पुरे," सदोबा म्हणाला.

इतकं साधं बोलणं त्या जंगलात कुणाला खपत नसे. दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागली. घुबड म्हणालं, जुनं चुंबक घे, नव्या चुंबकाला संस्कार नसतात. वानराने तर तीन तास व्याख्यान दिलं. त्याने गिटार कधी हातात धरली नव्हती, त्यामुळे त्याला बोलताना कुठे अडायला झालं नाही.

वेढे घालणारे मात्र जंगलात दोघंच होते. एक सुगरण आणि दुसरा रेशीमकिडा. सुगरण आली ती तणतणतच.

"खरं का रे सदोबा? त्या किड्याकडून पिकअप घेतोयस म्हणे?"

"नाही हो सुगरणताई, अजून काही ठरलेलं..."

"घे की! आम्ही कोण अडवणार? आमचे खोपे सगळ्या जंगलाने पाहिलेत. तुलाच तेवढं दिसलं नसेल."

ती जाते न जाते तोच रेशीमकिडा आला. तो हळूहळू आला, पण सदोबाचा जीव कासावीस व्हायला तेवढं पुरलं.

"घे बाबा तिच्याकडून," तो म्हणाला. "आम्ही पडलो सरपटणारे. आमचं रेशीम नेसून लोक बोहल्यावर चढतात, पण ते असो."

सदोबाने दोघांकडून एकेक पिकअप घेतला. सुगरणीचा मानेजवळ बसवला, रेशीमकिड्याचा खाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ. तर बाळांनो, पिकअप कसा निवडावा हे तुम्हाला आता कळलं असेल. आवाज ऐकून नव्हे, कोण रुसेल ते बघून.

जोडणीचं काम साळूमावशीकडे होतं. साळूमावशी म्हणजे साळिंदर. सळई तापवायची, कथिल वितळवायचं आणि जंगलात जे काही तुटलंय ते जोडत बसायचं, हे तिचं काम. तिला कुठल्याच समितीवर कधी घेतलेलं नव्हतं.

मावशीने तीन जागांची कळ बसवली. कळ वर केली की सुगरणीचा पिकअप चालणार. खाली केली की रेशीमकिड्याचा. मधे ठेवली की दोन्ही मिळून.

सदोबाने कळ वर केली. गुळवणीसारखा गोड, जाड आवाज आला. त्याने कळ खाली केली. पितळी घंटीसारखा स्वच्छ आवाज आला. सदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने कळ मधे आणली.

डबीत डास अडकल्यासारखा आवाज आला.

"हे काय गं मावशी?"

मावशीने दोन्ही पिकअप उलटसुलट करून पाहिले. "सुगरण वेढे घालते उजवीकडून डावीकडे आणि किडा घालतो डावीकडून उजवीकडे. एक म्हणतो चल, दुसरा म्हणतो थांब. म्हणून आवाजच खाल्ला जातोय. काही नाही रे, दोघांपैकी एकाच्या दोन तारा अदलाबदल करायच्या. चहा उकळेपर्यंत होईल."

"मग कर ना."

"कुणाच्या करू?"

मावशीने हे सहज विचारलं होतं. पण वर फांदीवर पोपट बसला होता. संध्याकाळच्या आत जंगलाचे दोन तट पडले.

"आमच्या सात पिढ्या अशाच वेढे घालतात," सुगरण कडाडली. "माझी तार उलटी जोडायची म्हणजे माझी आजी चुकली म्हणायचं का?"

"आमची तार उलटवलीत," रेशीमकिडा म्हणाला, "तर मी कोषात जाऊन बसेन. आणि बाहेर येणार नाही."

यावर सुगरणवाले म्हणाले, ही धमकी आहे. रेशीमवाले म्हणाले, ही परंपरा आहे.

"मी एकच पिकअप वाजवू का?" सदोबाने हळूच विचारलं.

"जरूर वाजव," दोन्ही बाजू एका सुरात म्हणाल्या. "आमचा असेल तर."

प्रकरण महाराजांकडे गेलं. महाराज म्हणजे वाघ. त्यांनी लगेच एक समिती नेमली. अध्यक्ष कासवराव. ते एका वाक्यानंतर दुसरं वाक्य बोलायला फार वेळ घेत, म्हणून जंगलात त्यांना विचारवंत मानत. समितीने चार बैठका घेतल्या, तीन जेवणं घेतली आणि अहवाल दिला.

"समितीच्या मते," कासवराव म्हणाले, "कुणावरही अन्याय होता कामा नये." मग ते थांबले. सगळे थांबले. "म्हणून दोघांच्याही तारा उलटवाव्यात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुगरण रेशीमकिड्याकडे बघून हसली. त्याचीही उलटली! किडा तिच्याकडे बघून हसला. तिचीही उलटली!

"अध्यक्षसाहेब," साळूमावशी मागून म्हणाली, "गाडीला एक बैल पुढे तोंड करून जुंपलाय, एक मागे. दोघांनाही फिरवलंत तर गाडी तिथेच राहणार की."

"बाई," कासवराव म्हणाले, "इथे विषय गिटारचा आहे. बैलांचा नाही."

"अहो, पण आवाज तस्साच येईल!"

"तुम्हाला समान न्यायाचं वावडं दिसतंय," कोल्हा म्हणाला. तो समितीचा सचिव होता.

मावशीने सळई तापवली आणि हुकमाप्रमाणे दोघांच्याही तारा उलटवल्या. सदोबाने कळ मधे ठेवून वाजवलं. डबीतला तोच डास, त्याच डबीत.

"किती फरक पडलाय!" कोल्हा म्हणाला. समितीने मान डोलावली. आणि कळ यापुढे कायम मधेच ठेवावी, असा ठराव झाला.

जत्रेचा दिवस उजाडला. पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. महाराज उठेपर्यंत कुणी उठून जायचं नाही, असा नियमच होता. सदोबाने गिटार गळ्यात घातली आणि दोन उन्हाळे मनात जपलेली धून वाजवायला घेतली.

डास गुणगुणू लागला.

सगळे बसून होते. माना डोलत होत्या. मोर तर "अहाहा" म्हणत होता. पण सदोबा जंगलातलाच होता. त्याला ठाऊक होतं, प्राणी खरंच ऐकत असला की त्याचे कान वळतात. त्याने सशांकडे पाहिलं, सांबरांकडे पाहिलं. एकाचाही कान त्याच्याकडे वळलेला नव्हता.

त्याला राहवलं नाही. त्याने ठराव मोडला आणि कळ वर केली. गुळवणीसारखा आवाज आला. काही कान वळले. पण रेशीमवाले ताडकन उभे राहिले. "पक्षपात!" त्याने घाबरून कळ खाली केली. घंटी वाजली. रेशीमवाले बसले, सुगरणवाले उभे राहिले. "अपमान!" पुन्हा वर, पुन्हा खाली. शाळेच्या कवायतीसारखं जंगल उठत-बसत होतं. शेवटी त्याने कळ मधे आणली. सगळे खाली बसले. डास गुणगुणू लागला.

"वा! आता जमलं," महाराज जांभई देत म्हणाले.

सदोबाच्या पोटातून काहीतरी वर आलं. दोन उन्हाळे, सागाची फळी, बारशाची अट, सगळं मिळून ते वर आलं आणि त्याच्या नकळत तोंडातून बाहेर पडलं.

"भॉक!"

क्षणभरात पाणवठा रिकामा झाला. ससे गेले, सांबरं गेली, 'अहाहा'वाला मोर अर्ध्या 'अहा'वर गेला. सर्वांत पुढे महाराज होते. वाघ म्हणजे आपणच, हे त्यांना ओढा ओलांडल्यावर आठवलं.

मागे राहिले दोघं. कासवराव, कारण ते पळत होते पण जागेवरच होते. मग त्यांनी तोंड कवचात ओढून घेतलं. आणि साळूमावशी, कारण साळिंदर पळत नाही. काटे उभे करतं आणि बघतं.

"झालं का भुंकून?" मावशी म्हणाली. "आण ती इकडे. आता आपल्याला विचारायला कुणी नाही."

तिने सळई तापवली. एका पिकअपच्या दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या. चहा उकळेपर्यंत काम झालं.

"वाजव."

सदोबाने कळ मधेच ठेवली आणि तारेला खूर लावला.

बाळांनो, तो आवाज कसा होता ते मला नीट सांगता यायचं नाही. गुळवणीत घंटी वाजावी, असं काहीतरी होतं. साळिंदराचे कान एवढेएवढेसे असतात, काट्यांत शोधावे लागतात. पण सदोबाला ते दिसले. दोन्ही त्याच्याकडे वळलेले होते आणि धून संपेपर्यंत हलले नाहीत.

"मावशी," शेवटी त्याने विचारलं, "उलटवल्यास कुणाच्या गं?"

"काय की बाबा. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता."

आवाज ओढ्यापलीकडे पोचला तशी मंडळी एकेक करून परतली. कवचातून कासवरावांचं तोंड बाहेर आलं.

"पाहिलंत?" ते म्हणाले. मग थांबले. "न्यायाचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो."

समितीचा जागच्या जागी सत्कार झाला. सुगरण आणि रेशीमकिडा शेजारी शेजारी बसले. कोल्ह्याने गिटारवर पाटी लावली: 'समितीने जोडलेल्या तारांना हात लावू नये.' साळूमावशीला सळईचा धूर केल्याबद्दल समज देण्यात आली.

मग सदोबाला चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला. तो पुढे आला. त्याने श्वास घेतला.

पहिल्या रांगेतले महाराज हळूच उठून उभे राहिले.

तात्पर्य: भांडण मिटवायचं असेल, तर दोघांनाही समान न्याय द्यावा. गिटार वाजवायची असेल, तर आधी सगळ्यांना पळवून लावावं.