कुंताबाईंचं मागचं चाक

रविवारी सकाळी कुंताबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि सायकलचं मागचं चाक दोन गुडघ्यांत दाबून त्याच्याशी झोंबत होत्या. टायर रिमवर अर्धा चढला होता, अर्धा बाहेर लोंबत होता, आणि त्याच्या पोटातून फोमचं एक काळं, जाडजूड कडं अजगरासारखं डोकं वर काढत होतं. समोर त्यांची मुलगी रुपाली पुस्तक घेऊन बसली होती. चंद्रपूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती, सुटीला आरमोरीला घरी यायची. पुस्तक केव्हापासून एकाच पानावर उघडं होतं, कारण राग आला की वाचलेलं डोक्यात शिरत नाही.

"काय आहे हे?" तिने शेवटी विचारलं.

"इन्सर्ट होय. टायराच्या आत बसवाचं. मंग हवा कमी ठेवली तरी गोट्यावर आपटून रिम चेपत नाई. त्या दिवशी बांबूच्या खुंटावर चेपली नाई का? तवापासून मनात होतं माह्या."

कुंताबाई नर्स होत्या. आरमोरीच्या आजूबाजूच्या खेड्यांत लसी टोचत, बाळंतपणं करत, काळ्या लेडीज सायकलवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं पोथी लावतात, तीर्थाला जातात. या बाईंनी जंगलातल्या पायवाटांसाठी माउंटन बाइक घेतली. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "इतके वर्षं सरकारच्या कामानं जंगलात गेली, आता माह्या कामानं जाते."

रुपालीसाठी आलेली स्थळं त्यांनी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पसंत केली होती आणि रुपालीने त्याहून लवकर नाकारली होती. इन्सर्ट मात्र त्यांनी पंधरवडाभर निवडलं. चंद्रपूरचा सायकलवाला नबील रोज फोनवर समजावत होता की पातळ इन्सर्ट हलकं असतं, पटकन बसतं. जाडवालं दगडाला दाद देत नाही, पण ते रुंद टायरासाठी असतं, आणि बाईंचा टायर काही तेवढा रुंद नाही. कुंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घ्याचं तं जाडच." नबीलनेही दुकानदाराच्या धर्माला जागून पुढे अडवलं नाही.

"परवा छातीत दुखतंय म्हणालीस," रुपाली म्हणाली.

"गॅस होता तो."

"अख्ख्या तालुक्याचं बी.पी. मोजलंस. स्वतःचं कधी?"

"नर्स मी हाय का तू?"

"रिमला धक्का बसू नये म्हणून आत गादी घालतेस. आणि स्वतःला?"

"माह्यातबी घाल मंग एक!" कुंताबाई खदखदून हसल्या. "नबीलले इचारून पाय, माह्या मापाचं हाय का म्हणून."

रुपाली हसली नाही. तिने पुस्तक आपटून मिटलं आणि आत गेली. बाहेरून आवाज आला, "गेली तं गेली, भाजीत मीठ पाय जरा!" संध्याकाळपर्यंत चाक काही बसलं नाही. कुंताबाईंनी ते भिंतीला टेकवून ठेवलं, त्याला एक शिवी दिली आणि म्हणाल्या, "सकाळी पायते तुले."

सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. रुपालीच्या मनात पहिलं वाक्य आलं ते 'सांगितलं होतं ना!' हे. घर माणसांनी भरलं तेव्हा ते वाक्य तिने गिळलं, आणि घास अडकावा तसं ते तिथेच अडकून बसलं.

मग सगळा कारभार डोमामामांनी हातात घेतला. डोमामामा म्हणजे कुंताबाईंचा धाकटा भाऊ. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळायचं, आणि न कळणाऱ्या गोष्टींतलं जरा जास्तच कळायचं. तंबू कुठे ठोकायचा, फोटो कोणता लावायचा, रडायचं कधी आणि जेवायचं कधी, सगळं ते ठरवत होते. रुपाली "हो मामा", "बरं मामा" म्हणत होती. पाहुण्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "पोरगी किती सोशीक हाय!" त्या सोशीक पोरीला आतल्या आत भांडी फोडावीशी वाटत होती.

तेराव्या दिवशी, तेरवीच्या सकाळी मामांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, "बाईच्या आवडीची वस्तू दान द्या लागते, तवा जिवाले शांती भेटते. बाईच्या आवडीची वस्तू कोणती? सायकल. अन् दान कोणाले? भाच्याले. एक भाचा म्हंजे शंभर बामन!"

कुंताबाईंचा भाचा एकच होता. तो डोमामामांचा मुलगा, स्वप्निल. शास्त्र असं सोयीचं निघालं की माणसाची श्रद्धा आपोआप वाढते.

"पण मामा, चाक निघालेलं आहे," रुपाली म्हणाली.

"बसवू ना! खंडित वस्तू दानात चालत नाई. पंगत बसाच्या आधी चाक बसवू, पूजा करू, अन् देऊन टाकू. काय मोठं काम हाय?"

"बरं मामा," रुपाली म्हणाली आणि भिंतीजवळच्या चाकाकडे पाहिलं. ज्या काळ्या कड्याचा तिला इतका संताप होता, त्याच्याबद्दल तिच्या मनात पहिल्यांदाच आदर दाटून आला. आता सगळी भिस्त त्याच्यावर होती. ते बसलं नाही तर सायकल घरात राहणार होती.

चाक कसं बसवायचं ते तिला ठाऊक होतं. आई मोबाइलवर पुनःपुन्हा बघत असलेला व्हिडिओ तिच्याही कानावर पडला होता. वरून ओढत बसायचं नाही. जिथे अडलं असेल त्याच्या बरोबर समोरची बाजू गुडघ्याने खाली दाबायची, म्हणजे टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि वर ढील मिळते. रुपालीने तोंड घट्ट मिटलं आणि सगळ्यांना चहा दिला.

स्वप्निल आधी नुसत्या हातांनी भिडला. थोड्या वेळाने तो अंगठा तोंडात घालून बाजूला झाला. "ताई, हे तं लय टाईट हाय!"

"हो ना," रुपाली कळवळून म्हणाली.

"सरक बे," मामा म्हणाले. "चमचे आणा!" स्टीलचे दोन चमचे आले आणि वाकून प्रश्नचिन्हासारखे झाले. मग कोणीतरी साबणाचं पाणी सुचवलं. त्याने टायर निसरडा झाला, हात निसरडे झाले, ओसरी निसरडी झाली आणि मामा बसल्या जागेवरून तुळशीपर्यंत घसरत गेले. इकडून टायर आत ढकलला की तिकडून बाहेर यायचा.

"हे चमच्याचं काम नोय," मामा उठत म्हणाले. "बिरजू, तुहा झारा दे."

बिरजू आचारी मागच्या अंगणात वडे तळत होता. "अन् वडे काहानं काढू, भाऊ? हातानं?"

"दोन मिनिटाचं काम हाय गा!"

झारा आला, टायरच्या कडेखाली घुसला आणि मामांनी सगळा भार टाकल्यावर दांड्यापासून वाकडा झाला. तोवर मागे कढईतले वडे आधी लाल, मग काळे झाले आणि धूर ओसरीपर्यंत आला. धुराच्या मागोमाग बिरजू आला. "भाऊ, तेरवी बाईची हाय का माही? भट्टी बंद करून राह्यलो मी!"

पंगत थांबली. भुकेली माणसं चाकाभोवती गोळा झाली, आणि भुकेल्या माणसाइतकं सल्ले देणारं दुसरं कोणी नसतं. हवा सोडा, हवा भरा, उन्हात ठेवा, पाण्यात बुडवा. एकाने म्हटलं, "अंदरचा तो फोमच कापून टाका ना!" स्वप्निल विळा आणायला उठलासुद्धा. रुपाली त्याला अडवायला पुढे झाली. पण मामाच कडाडले, "खबरदार! खंडित दान चालत नाई!" शास्त्राच्या पाया पडावंसं वाटण्याची रुपालीची ती पहिली वेळ होती.

स्वप्निलने नबीलला फोन लावला. नबील म्हणाला, "भाऊ, ते जाडवालं होय. तुमच्या टायरात बसनं मुश्कील हाय. मी बाईले बोल्लो होतो."

"पाहिलंत मामा? बसणारच नाही ते," रुपाली पुढे होऊन म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच आनंदी लागला.

"दुकानदाराचं काय आयकतं? चार जणं या इकडं, एकसाथ खेचू!"

चाक जमिनीवर आडवं पाडलं. एका बाजूला चार जण बोटं घालून उकिडवे बसले. रुपाली खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या मुठी आवळल्या होत्या. तिच्याकडे पाहणारं अंगणात एकच माणूस होतं, सुलतानामावशी. कुंताबाईंच्या बरोबरीने नोकरी केलेली, शेजारीच राहणारी, अंगाने कुंताबाईंच्या दुप्पट. त्यांनी रुपालीच्या मुठी पाहिल्या, मग चाकाकडे पाहिलं, आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला.

"बस झालं!" त्या पुढे आल्या. "माणूस गेलं घरातलं, अन् तुमी टायर खेचून राह्यले? लोकं उपाशी हायेत. मी बसते इथीच. आता बसवा पाहू कसं बसवता ते!"

आणि चौघांच्या बरोबर समोर, चाकाच्या दुसऱ्या कडेवर, रुपालीची बाजू घेऊन सुलतानामावशी आपल्या सगळ्या वजनानिशी ठाण मांडून बसल्या.

टप्प!

चौघंही मागे उताणे पडले. टायर रिमवर गोल, गुळगुळीत, घट्ट बसला होता. क्षणभर कोणाला कळेना, आणि मग अंगणात असा गलका झाला की जणू गावाने कबड्डीचा सामना जिंकला. स्वप्निलने शिट्टी मारली. आपण तेरवीला आलो आहोत हे आठवून सगळे एकदम गप्प झाले.

"या अल्ला," सुलतानामावशी चाकावरूनच पुटपुटल्या. "रुपाली बेटा, मैं तो रोकने बैठी थी."

मामांनी वेळ दवडला नाही. चाक सायकलला लागलं, हँडलला झेंडूचा हार पडला, कुंकू लागलं. "ये बे स्वप्निल, हात लाव. रुपा, तू दुसऱ्या बाजूनं हात लाव अन् म्हण, दिलं."

रुपालीने हँडल धरलं. सगळे थांबले. बिरजूसुद्धा वाकडा झारा घेऊन थांबला.

"म्हण ना वं."

"नाई देत."

"काय?"

"नाई देत, मामा. हात काढा तुमी."

मामांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. "अवं, तू तं सायकलले भंगार म्हणत होती! तुले चालवताबी येत नाई. ठेवून करशीन काय? बाईच्या जिवाले शांती कशी भेटन?"

"नको भेटू दे!"

अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. रुपालीचा आवाज मोठा नव्हता, पण इतके दिवस अडकलेलं आता आपल्या पायांनी बाहेर येत होतं.

"मले राग आला हाय तिचा. लय राग आला हाय. सगळ्या तालुक्याले गोळ्या वाटल्या, अन् स्वतः नाई घेतल्या. छातीत दुखते म्हटलं तं गॅस म्हणून हसली. माह्यासंग भांडली, झोपली, अन् निघून गेली. असं कोणी जाते का, मामा? मी आणखी बोलणार होती. सकाळी बोलणार होती मी."

"पोरी, मेलेल्या माणसावर राग धरू नाई," मामा हळू आवाजात म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी शास्त्राचं नाव घेतलं नाही. "आता तिच्यासंग भांडण मिटन कसं?"

"नाई मिटत," रुपाली म्हणाली. तिने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मिटवाचंबी नाई मले. मले माही माय पाहिजे."