हेरॉनचा डावा आरसा

पुष्करने सेकंडहँड का होईना, पण अस्सल ब्रिटिश गाडी घेतली आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आपल्या दारात पूजेचा नारळ वाढवायला हात उगारला. नारळ निसटला आणि थेट गाडीच्या डाव्या आरशावर बसला. नारळाला साधा तडाही गेला नाही. आरसा मात्र मुळासकट निखळून खाली पडला.

"अरे, मंडेला माझी ड्रायव्हिंग टेस्ट आहे! याच गाडीवर!" त्याची बायको अर्चना किंचाळली. "पाच महिन्यांनी स्लॉट मिळालाय!"

बिचारीची ही चौथी खेप होती.

"पुष्करराव, हा आरसा आमच्या चाकणचा दिसतोय," सासरे शांतपणे म्हणाले. चाकणच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं आरसेच तपासले होते.

"बाबा, ही ऑल्डर्ली हेरॉन आहे. ब्रिटिश गाडी!" पुष्करने विषय संपवला.

पार्ट्सच्या दुकानात तो पुन्हा सुरू झाला. "कुठली हेरॉन?" दुकानदाराने विचारलं. "कंपनी इंग्रजांची होती तेव्हाची, जर्मनांनी घेतली तेव्हाची, की चिन्यांनी घेतल्यावरची?"

पुष्करला आपल्याच गाडीचं गोत्र सांगता येईना. अंदाजाने आणलेला पहिला आरसा पर्समध्ये मावेल एवढा निघाला. दुसरा हेरॉन नावाच्याच एका मालवाहू व्हॅनचा होता. तो लावला असता तर गाडी कलली असती.

"सेम नाव आहे गं, मी काय करू?"

"उद्या पुष्कर नावाचा दुसराच कुणी घरी आला तर मी चालवून घेऊ का?"

रविवारची संध्याकाळ झाली. सासरे शेजारच्या गाडीकडे टक लावून बघत होते. शेजारी कीथने आयुष्यभर बर्मिंगहॅमच्या कारखान्यात ऑल्डर्ली गाड्याच जोडल्या होत्या. कंपनी परक्यांना विकल्यावर तो भयंकर रागावला आणि त्याच रागात त्याने परदेशी 'लुताना' घेतली.

"पुष्करराव, ही तुमचीच गाडी आहे. फक्त बिल्ला वेगळा."

पुष्करने संकोचत कीथला विचारलं. कीथने दोन्ही गाड्या निरखून पाहिल्या, कपाळावर हात मारला आणि स्क्रूड्रायव्हर आणला. त्याचा लाल आरसा निळ्या हेरॉनवर चपखल बसला. आतल्या स्टिकरवर छापलं होतं, 'चाकण, पुणे'.

"बाबा, आधी नाही का सांगायचं!"

"सांगितलं की. नारळ हातातून सुटला तेव्हाच."

अर्चना पास झाली. घरी आल्यावर ती आधी वडिलांच्या पाया पडली आणि मग कीथच्या गळ्यात पडून रडली. पुष्करलाही भरून आलं. परक्या गावात आपल्या गाडीचा आरसा काढून देणारा शेजारी मिळणं, ही काय साधी गोष्ट आहे?

सासऱ्यांच्या जुन्या सहकाऱ्याने आठवड्यात नवा आरसा पाठवला आणि कीथचा कीथला परत गेला. उपकार फेडायचे म्हणून त्याच्याही गाडीची पूजा करायचं ठरलं. कीथने आनंदाने गंध लावून घेतलं, पेढा खाल्ला.

पुष्कर नारळ घेऊन पुढे झाला, तेव्हा कीथ हसून "थँक यू" म्हणाला आणि त्याने गाडीचे दोन्ही आरसे आत दुमडून घेतले.