‘ला’वरचा जोर

फकिराच्या टोळीचं गाणं चुकीचं आहे, हे हरिभाऊंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी त्यांनी पाच महिने कळ सोसली. हरिभाऊ दुर्गचे, मराठी घेऊन बी.ए. झालेले. अठ्ठावन्न सालच्या त्या हिवाळ्यात ते भिलाईच्या बांधकामावर हजेरीबाबू होते. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. मुदत संपली की इंजिनिअर साहेब शेरा लिहिणार आणि त्यावर ती टिकायची किंवा जायची.

टोळी भंडाऱ्याकडची. क्रेन मिळाली नाही की अवजड सामान दोराने ओढायचं काम तिचं. ओढणारी सोळा माणसं, आणि पुढे उभा राहून गाणं म्हणणारा फकिरा. त्या साली चहाच्या प्रत्येक टपरीवर रेडिओत एक गाणं वाजत होतं. टोळीने तेच उचललं होतं: ‘पारू गं, तू कुठं गेला.’ शेवटच्या ‘ला’वर सोळाही जण एकदम ओढायचे.

त्या मंगळवारी हजेरी झाल्यावर हरिभाऊंना राहवलं नाही. त्यांनी टोळीला बसवून समजावलं. पारू ही बाई. बाई ‘गेला’ कशी असेल? शिवाय ‘तू’ म्हटलं की शेवटी ‘स’ हवा. एका क्रियापदात दोन चुका. म्हणायचं तर ‘तू कुठं गेलीस’ असं म्हणावं. रेडिओवाल्यांना हे माहीत नाही का, असं फकिराने विचारलं. माहीत असतं तर त्यांनी वाजवलं नसतं, असं हरिभाऊ म्हणाले. फकिराला ते पटलं. शिकलेल्या माणसाने आपल्यासाठी एवढा वेळ काढला, याचंही त्याला बरं वाटलं.

त्या दिवशी रशियाहून आलेल्या मशिनची खोलीएवढी लाकडी पेटी रूळ ओलांडून शेडमध्ये न्यायची होती. रुळांपर्यंत उतार होता, तिथवर ती ओंडक्यांवरून आपसूक आली. खरा जोर रुळांवर लागणार होता. फकिराने नवी ओळ म्हटली. आठ जणांनी ‘ली’वर ओढलं, आठ जणांनी ‘स’वर. पेटी जागची हलली नाही. चंपत नावाचा शेवटचा गडी मात्र धपकन खाली बसला.

हरिभाऊ हजेरीबुक बगलेत धरून मदतीला आले. ‘ली’ लांबवा आणि ‘स’ हलकेच सोडा, असं त्यांनी सुचवलं. टोळीने तसं केलं. ‘ली’वर पेटी वीतभर पुढे आली. ‘स’वर सगळ्यांनी दोरही हलकेच सोडला आणि ती वीतभर मागे गेली.

“बाबूजी, ‘ला’वर तोंड उघडं राह्यते, तं जोर निंगते,” फकिरा म्हणाला. “‘स’वर तोंड मिटून जाते. मिटल्या तोंडानं कोन वढन?”

एवढ्यात रुळांवर मालाच्या वाघिणी घेऊन इंजिन आलं, पेटी वाटेत बघून शिटी मारून उभं राहिलं. पलीकडे सिमेंटचे ट्रक थांबले. आजच्यापुरतं जुनंच म्हणा, असं हरिभाऊंनी फकिराला बाजूला घेऊन सांगितलं. पण आता तेही जमेना. ‘गेला’ म्हणताच सगळ्यांचे डोळे हरिभाऊंकडे वळायचे आणि चंपत फिसकन हसायचा. एक हसला की पंधरा हसायचे, आणि हसणाऱ्याच्या हातात जोर राहत नाही. बरोबर म्हटलं की पेटी हलत नव्हती, आणि चुकीचं म्हटलं की टोळी.

साहेबांची जीप आली. काय झालं, असं त्यांनी विचारलं. गाण्यात चूक निघाली आहे, दुरुस्ती चालू आहे, असं फकिराने प्रामाणिकपणे सांगितलं.

“गाना किसने बदला?”

कोणी बोट दाखवलं नाही. सगळ्यांनी फक्त हरिभाऊंकडे पाहिलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “तो बाबू, अब आप ही गाइए.”

आपल्याला गाता येत नाही, आणि ती ओळ व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे, असं हरिभाऊंनी हलक्या आवाजात सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि इंजिनाकडे पाहिलं. मग हरिभाऊंनी हजेरीबुक खाली ठेवलं, डोळे मिटले आणि ‘पारू गं, तू कुठं गेला’ असं म्हटलं. त्यांचा ‘ला’ एवढा लांबला, की इंजिनाच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली. या वेळी कोणी हसलं नाही. खुद्द बाबूच चुकीचं म्हणतात म्हटल्यावर हसायला काही उरलं नव्हतं. चार ओळींत पेटीने रूळ ओलांडले. थांबा असं कोणी न सांगितल्यामुळे हरिभाऊ शेडपर्यंत गात गेले.

पुढच्या महिन्यात मुदत संपली आणि साहेबांचा शेरा आला. नोकरी पक्की झाली. हजेरीबुक मात्र दुसऱ्या बाबूकडे गेलं आणि हरिभाऊंची नेमणूक फकिराच्या टोळीवर झाली. कागदावर गायकाची जागा नसल्यामुळे हापिसातल्या कारकुनाने ‘सिग्नलमन’ असं लिहिलं. फकिराने आपली पुढची जागा आनंदाने दिली. त्याचा घसा दोन वर्षांपासून दुखत होता.

संध्याकाळी बायकोने, गीताने, तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला.

“सिग्नलमन म्हणजे झेंडी दाखवायची का हो?”

“नाही,” हरिभाऊ म्हणाले. “तोंडाने.”

गीताने जरा विचार केला. मग नोकरी पक्की झाल्याची साखर वाटीत घेऊन ती शेजारी निघाली. कोणी विचारलंच, तर झेंडीच सांगायची असं तिने दारातच ठरवून टाकलं.