शिखरावरचे जावईबापू

"हा डोंगर? हा तर मी सकाळचा चहा व्हायच्या आत चढून येईन!"

असं देवदत्त म्हणाला तेव्हा तो स्टुटगार्टमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून तिसरा चहा पीत होता आणि डोंगर समोरच्या कॅलेंडरवर होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नोकरीत तो गिअरबॉक्सची डिझाइनं करायचा. हलण्याचं सगळं काम त्याने गिअरवरच सोपवलेलं होतं.

पण घरात सासरे आले होते! नाशिकहून आलेल्या पद्माकररावांच्या बॅगेत चिवडा होता आणि तोंडात थोरला जावई. श्रीरंग पहाटे उठून पोहतो. श्रीरंग सायकलने ऑफिसला जातो. श्रीरंगला या वयातही पोट नाही! पंधरा दिवस हे ऐकून देवदत्तला त्या साडूच्या नावाने आम्लपित्त व्हायला लागलं होतं.

"अहो देवदत्तराव, कॉलेजात गड चढणं वेगळं," सासरे म्हणाले. "आता तुम्हाला एस-बान लोकलच्या स्टेशनात जिन्यावर धाप लागते. आमचा श्रीरंग..."

"बाबा!" देवदत्तने कप आपटला. "मी स्वतःच्या पायांनी चढलो आणि स्वतःच्या पायांनी उतरलो, तर त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. कधीच!"

"मान्य. पण नाही जमलं, तर मी सांगेन ते सगळं ऐकायचं. कान न झाकता!"

"अरे, तिथे लोक हेल्मेट, दोर घेऊन जातात," शिवांगी म्हणाली. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती.

"दोर? सह्याद्रीत आम्ही दोर कपडे वाळत घालायला वापरायचो!"

रविवारी तिघं गाडीने कॅलेंडरवरच्या त्या डोंगरापाशी, फाल्त्सच्या जंगलात पोचले. झाडांतून लालभडक दगडाचे सुळके वर आले होते. पायथ्याच्या पाटीवर लिहिलं होतं की कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं आणि हा खडक त्याच वाळूचा. देवदत्तने ते सासऱ्यांना मराठीत वाचून दाखवलं, शड्डू ठोकला आणि घळीत घुसला.

सह्याद्रीचा कातळ माणसाचा हात सोडत नाही. हा दगड नानकटाईसारखा मुठीत भुगा होऊन येत होता! वाळू मोज्यांत गेली, कानांत गेली, दातांखाली कचकच वाजू लागली. ते जुनं वाळवंट देवदत्तच्या शर्टात पुन्हा नांदू लागलं. एका चिंचोळ्या फटीत तर गेल्या दिवाळीपासून जोपासलेलं पोटच अडकलं. त्याने श्वास ओढला, कुलदैवताला नवस बोलला आणि बुचासारखा पलीकडे निघाला.

पण गडी माथ्यावर पोचला! खोटं कशाला बोला, खरंच पोचला! त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. काही अंशी ते वाळूमुळेही असेल.

आता साक्षीदाराने पाहायला हवं. साक्षीदार खाली हिरवळीवर पाठमोरा बसून चिवडा खात होता. शिवांगी थर्मास आणायला गाडीकडे गेली होती. देवदत्तने छाती भरून गर्जना केली, "हर हर महादेऽऽव!"

पद्माकरराव ढिम्म! सेल वाचावा म्हणून त्यांनी कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं होतं. देवदत्तने आणखी पाच गर्जना केल्या. दम संपला. मिनिटभर टेकला आणि पुन्हा सुरू, एकामागून एक सहा!

खाली हिरवळीजवळच्या बाकावर एक जर्मन आजोबा सँडविच खात होते. त्यांचा घास हातातच राहिला. मिनिटात सहा हाका, मग शांतता, मग पुन्हा सहा हाका, म्हणजे वर कोणीतरी संकटात आहे, हे इकडे डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आजोबा लगबगीने पद्माकररावांकडे आले आणि वर बोट दाखवत त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "तुमचाच माणूस का? मदत बोलावू?"

पद्माकररावांना अक्षर ऐकू आलं नाही. पण पंधरा दिवसांत ते दोन जर्मन शब्द शिकले होते, 'या' म्हणजे होय आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, आणि बेकरीवाल्यापासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळ्यांना तेच ऐकवत होते.

"या, या! गेनाऊ!" त्यांनी हसून मान डोलावली आणि आजोबांपुढे चिवडा धरला.

थोड्या वेळाने आकाशात हेलिकॉप्टर घरघरलं. 'वा, पर्यटक!' असं म्हणत देवदत्तने दोन्ही हात उंच करून उड्या मारल्या. हेलिकॉप्टरवाल्यांच्या भाषेत दोन्ही हात वर म्हणजे 'होय, वाचवा!'

वरून तारेला लटकत एक धिप्पाड मुलगी उतरली.

"मला काही झालेलं नाही! मी आनंदाने ओरडत होतो!"

"या, या. मानसिक धक्क्याने असं होतं," ती मायेने म्हणाली आणि तिने त्याला चकचकीत सोनेरी फॉइलमध्ये गुंडाळून पट्टे आवळले. देवदत्त दिवाळीतल्या काजूकतलीच्या पुड्यासारखा दिसू लागला.

"नको! मला पायांनी उतरायचंय! अरे देवा, श्रीरंग... आता श्रीरंग..."

मुलीचे हात थांबले. "श्रीरंग कोण?"

"माझा साडू! त्याच्यामुळेच मी वर आलो!"

झालं! मुलीने वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "आणखी एकजण बेपत्ता आहे. नाव श्रीरंग."

देवदत्त हवेतून हिरवळीवर उतरला. "तो नाशकात आहे हो!" असं तो जीव तोडून सांगत होता, पण धक्का बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? बचाव पथकाची लाल जाकिटातली माणसं घळीत पांगली, कोणीतरी कर्णा तोंडाला लावला आणि त्या प्राचीन वाळवंटात चहूकडून एकच आरोळी घुमू लागली, "श्रीऽऽरांग! श्रीऽऽरांग!"

थर्मास घेऊन आलेली शिवांगी जागच्या जागी खिळली. एवढी धावपळ पाहून पद्माकररावांनी खिशातलं मशीन काढून कानात बसवलं. क्षणभर ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"देवदत्तराव, ऐकलंत? इथेसुद्धा आमच्या श्रीरंगचंच नाव!"

देवदत्तने फॉइलमधून कसेबसे हात सोडवले आणि कानांकडे नेले.

"अंहं!" सासऱ्यांनी बोट नाचवलं. "कान झाकायचे नाहीत, असं ठरलंय."