‘थंड, कोरड्या जागी’ वाचलंत का?

खेळगटातून छोट्या गटात जाण्यासाठी लागणाऱ्या पात्रतेची यादी बालशाळेने फळ्यावर लावली. तिच्यात मुलांसाठी दोनच अटी होत्या: स्वतःचं नाक स्वतः पुसता येणे, आणि उलटसुलट का होईना, बूट घालता येणे. उरलेल्या अकरा अटी पालकांसाठी होत्या. त्यांतली नववी अशी: ‘पालक सध्या कोणते पुस्तक वाचत आहेत, याची नोंद विहित नमुन्यात, शिफारशीसह करावी. घरात वाचन असल्याखेरीज मूल वाचत नाही. सबब, न वाचणाऱ्या पालकांच्या मुलांचा विचार होणार नाही.’

मुलं चाळीस होती आणि जागा पंचवीस.

टिंगीच्या आईने नोटीस तीनदा वाचली. तिला सगळंच तीनदा वाचायची सवय होती. बिस्किटांच्या पुड्यावरचे घटक, खेळण्यांच्या खोक्यावरचे इशारे, जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्यावरची तारीख, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. कॉलेजात असताना ती उशीएवढी जाड पुस्तकं रेघा मारमारून वाचायची. टिंगी झाल्यापासून मात्र तिने एकच पुस्तक वाचलं होतं. हरवलेल्या बदकाचं. पानं बारा, त्यांतली चार टिंगीने चावलेली. ते ती रोज सहा वेळा, आवाज काढून वाचत असे. तेच तिने प्रामाणिकपणे नमुन्यात लिहिलं.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी कागद तसाच परत सरकवला.

“हे चालणार नाही, ताई. हे मुलांचं पुस्तक. मुलांच्या रकान्यात जातं.”

“बरं, तिथे लिहिते.”

“तिथे कसं लिहाल? मुलीला वाचता कुठे येतं? तो रकाना कोराच सोडायचा असतो.”

“मग हे लिहायचं तरी कुठे?”

“कुठेच नाही. तुमचं लिहा हो, मोठ्या माणसाचं. आणि आवरा, खिडकी पाच मिनिटांत बंद होते.”

मागे रांग खाकरू लागली. टिंगीच्या आईने पिशवीत हात घातला. पिशवीत टिंगीची जादा चड्डी होती, थर्मामीटर होता, आणि गेल्या आठवड्यातल्या तापाचं औषध होतं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद होता. तो तिने खरोखरच अथपासून इतिपर्यंत वाचला होता, तोही चार भाषांत, न जाणो एखाद्या भाषेत वेगळा धोका लिहिलेला असायचा. घडीवर पहिलेच शब्द दिसले. तिने डोळे मिटून लिहून टाकलं: ‘थंड, कोरड्या जागी’.

“लेखक?”

“नाव फार बारीक छापलंय.”

कारकूनबाईंनी आदराने मान हलवली आणि लिहिलं: ‘लेखक प्रसिद्धिपराङ्मुख’.

पुढचे प्रश्न तिने सरळ मनाने सोडवले. या पुस्तकाने आपल्यावर काय परिणाम केला? ‘अर्ध्या तासातच फरक जाणवला.’ याकडे आपण कितीदा वळता? ‘दर सहा तासांनी.’ याची शिफारस कोणाला कराल? ‘दोन वर्षांवरील सर्वांना. पोट रिकामं नसावं.’ तिने एकही अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी शाळेने सगळ्या नोंदी पालकांच्या मोबाइल गटावर टाकल्या.  मग गटातले दातांचे डॉक्टर अवतरले.

‘वा! ‘थंड, कोरड्या जागी’! कॉलेजात असताना झपाटून गेलो होतो. सध्या पुन्हा वाचतोय.’

टिंगीच्या आईच्या हातून कपड्यांची घडी सुटली. एवढ्यात जुळ्यांच्या आईने लिहिलं, ‘सुरुवात संथ आहे, पण धीर धरा.’ मग वास्तुरचनाकार वडील आले, ‘अनुवाद वाचू नका, त्यात सगळी मजा गेलीय.’ मग तर धरणच फुटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत अठरा पालकांनी ते पुस्तक वाचलेलं होतं, सात जण वाचत होते आणि एकाला ते ‘आता जुनं’ वाटत होतं.

“अगं, सांगून टाक ना, औषधाचा कागद आहे म्हणून,” नवरा म्हणाला.

“वेडे आहात का? अठरा घरं अंगावर येतील! टिंगीची जागा जाईल.”

“मग गप्प बस. आमच्या कचेरीत एकदा कागदावर चढलेली गोष्ट नाहीशी करायला तीन वर्षं लागतात.” तो विम्याच्या कचेरीत होता.

सोफ्यावरून सासूबाईंनी चष्मा वर केला. “कुठलं गं पुस्तक? ते थंड जागेचं का? आमच्या वेळी हातोहात फिरायचं. मला शेवट नाही पटला.”

टिंगीच्या आईने सासूबाईंकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा भिंतीकडे पाहत होता.

आठवड्याभरात ‘थंड, कोरड्या जागी’ बालशाळेचं ‘महिन्याचं पुस्तक’ झालं. पालक ग्रंथालयाकडे धावले. ग्रंथालयाला कुलूप होतं, कारण ग्रंथपालांना वाचनाच्या नोंदी तपासायच्या कामावर घेतलं होतं आणि दारावर ‘वाचन पंधरवड्यानिमित्त ग्रंथालय बंद’ अशी पाटी होती. तरी ग्रंथपाल कर्तव्याला चुकले नाहीत. त्यांनी फळीवर पुस्तक शोधलं, ते नव्हतं. नाही, त्याअर्थी कोणीतरी नेलं आहे, असा शेरा मारून त्यांनी प्रतीक्षायादी उघडली. यादीत तीस नावं आली. त्यांतल्या बावीस जणांनी ते आधीच वाचलेलं होतं.

आणि मग टिंगीच्या आईला पत्र आलं. आपल्या शिफारशीला सर्वाधिक प्रतिसाद लाभल्याने आपली तोंडी पडताळणी घेण्यात येईल. टिंगीचा प्रवेश पडताळणीच्या अधीन राहील.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत लहान मुलांच्याच खुर्च्या होत्या. गुडघे हनुवटीला लावून टिंगीची आई बसली. समोर तशाच बसलेल्या मुख्याध्यापिका आणि पालक-प्रतिनिधी म्हणून दातांचे डॉक्टर. तिच्याने राहवलं नाही. तिने पिशवीतून तो कागद काढला आणि टेबलावर पसरला.

“मॅडम, माफ करा. पुस्तकबिस्तक काही नाही. हे एवढंच आहे. तापाच्या औषधाबरोबर येतं.”

मुख्याध्यापिकांनी कागद उचलला. दोन्ही बाजूंनी पाहिला. डॉक्टरांनीही पाहिला. 

“अच्छा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही संक्षिप्त आवृत्ती वाचलीत.”

“नाही हो, हे—”

“मूळ ग्रंथ चारशे बारा पानांचा आहे. आमच्याकडे एकतीस लेखी अभिप्राय आहेत.” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “आम्हाला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. न वाचता शिफारस करायची?”

“हल्ली हेच चाललंय,” डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. “लोक वाचतच नाहीत.”

“दोन दिवस देते. मूळ वाचून या. नाहीतर टिंगीची जागा पुढच्या मुलाला.”

“पण मिळेल कुठे?”

“ग्रंथालयात. एकतिसावा नंबर लावा.”

ती रडत बाहेर आली. मग नाक पुसलं (स्वतःच), आणि कारकूनबाईंकडे एकतीस अभिप्रायांची प्रत मागितली. त्या एकतीस अभिप्रायांना पहिल्यांदाच कोणी वाचक मिळाला होता. पहिल्याने ‘नायिकेचा एकाकीपणा’ म्हटल्यावर दुसऱ्याने तिला विधवा केलं होतं, तिसऱ्याने समुद्रकाठच्या गोदामात राखणीला बसवलं होतं, नवव्याने गोदामाला एक बंद दार दिलं होतं. तिथून पुढे सगळं त्या दाराशी येऊन थांबत होतं. अकरा जणांच्या मते नायिका शेवटी दार उघडते. अकरा जणांच्या मते उघडत नाही. एकाच्या मते छपाई सुबक आहे.

भांडी विसळताना टिंगीची आई एकदम थांबली. उघडलं असेल का तिने दार? तिला खरंच कळायला हवं होतं. मग स्वतःच्याच डोक्यात चमचा मारून घ्यावासा वाटला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या छोट्या खुर्चीत बसली. डॉक्टरांनी हात चोळले.

“एकच प्रश्न. शेवटी नायिका दार उघडते की नाही?”

 उघडते, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. उघडत नाही, असं मुख्याध्यापिकांनी. अभिप्राय क्रमांक दहा आणि अकरा. दोघंही खुर्चीच्या टोकाशी आले होते, आणि मधल्या टेबलावर टिंगीचा अर्ज होता, फोटोत टिंगीने जीभ बाहेर काढलेली.

“मला विचाराल तर,” ती सावकाश म्हणाली, “ते वाचणाऱ्यावर सोडलंय.”

“हेच!” डॉक्टर ओरडले.

“हेच मला म्हणायचं होतं!” मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला. “याला म्हणतात वाचन.”

फाटकाशी तिला एका नव्या आईने गाठलं. कडेवर मूल, हातात कोरा नमुना, चेहऱ्यावर धास्ती.

“तुम्हीच ना त्या? मी वाचलं हो ते. काय रडले म्हणून सांगू!”

“कुठे रडलात?” टिंगीच्या आईने नकळत विचारलं.

नव्या आईचा चेहरा पांढराफटक पडला.  कडेवरचं मूल आईकडे बघू लागलं. टिंगीच्या आईला तो चेहरा चांगला ओळखीचा होता.

“गोदामाच्या प्रसंगाला ना?” ती हळूच म्हणाली. “मीसुद्धा.”

“हो! तिथेच, तिथेच!” नव्या आईने श्वास सोडला.

तर वाचकहो, पहिला परिच्छेद वाचून तुम्ही थेट इथे उतरला असाल तर संकोच करू नका, आम्ही कोणाला सांगणार नाही. उद्या कोणी विचारलंच, तर ‘छान आहे, मधला भाग जरा रेंगाळतो’ एवढं म्हणा. आजवर त्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.